समुद्र न पाहिलेल्या मुलखाचीं जहाजें

बीड जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहिलें असतां समुद्राशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें कोणाच्याही मनांत येणार नाहीं. उत्तरेस गोदावरी, मध्यें बालाघाटाचे डोंगर, दक्षिणेस मांजरा. पाऊस बेताचा आणि तोही बेभरंवशाचा. येथील माणूस दसऱ्यानंतर घर सोडतो तो ऊंसतोडणीकरितां, दर्यावर जाण्याकरितां नव्हे. तथापि गेवराई, माजलगांव, वडवणी, धारूर या बाजूच्या काळ्या जमिनींत जो कापूस पिकतो, त्याच्या भावांत पावसाइतकाच एका दूरच्या गोष्टीचा हात पिढ्यान् पिढ्या राहिलेला आहे. ती गोष्ट म्हणजे मुंबईच्या धक्क्यापासून परदेशच्या धक्क्यापर्यंतचें जहाजाचें भाडें. शेतकरी हें भाडें आपल्या हातानें कधींच देत नाहीं, म्हणून तें त्यास दिसत नाहीं. परदेशचा गिरणीवाला माल आपल्या दारांत येऊन पडेल तेव्हांची किंमत धरतो. त्या किंमतींतून जहाजाचें भाडें, विमा, आगगाडीचें वा मोटारीचें भाडें, अडत, हमाली हीं वजा होत होत जें उरतें, तें माजलगांवच्या पेठेंत कापसाचा भाव म्हणून पुकारलें जातें. जहाज कोणाचें आणि त्याचें भाडें कोण ठरवितो, हा प्रश्न म्हणूनच मुंबईच्या पेढ्यांइतकाच बालाघाटाच्या पायथ्याच्या घरांचाही आहे. त्या प्रश्नाचा सव्वाशें वर्षांचा इतिहास मोठा मनोरंजक, आणि खरें सांगावयाचें तर बराचसा खिन्न करणारा आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां दख्खनच्या कापसाचें नशीब प्रथम उघडलें. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. गाड्या बैलांच्या, रस्ते पावसाळ्यांत चिखलाचे, आणि इंग्रजी हद्दींत शिरण्यापूर्वीं करोडगिरीचें नाकें. पुढें १८९७ सालीं बार्शीची अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली, आणि विसावें शतक उगवतां उगवतां मनमाडहून जालना-परभणीवरून हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्गही पुरा झाला. बीडच्या मालास अशा रीतीनें दोन्ही बाजूंनीं समुद्राची वाट फुटली. खुद्द बीड शहरास आगगाडी येण्यास मात्र १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. मराठवाड्याच्या मुक्तिदिनाचा तो मुहूर्त साधतांना मध्यें सव्वाशें वर्षें गेलीं, हें मुहूर्त काढणारांच्या ध्यानांत आलें असेलच.

समुद्रावांचून राज्य लंगडें असतें हें निजाम सरकारासही ठाऊक होतें. १९४७-४८ च्या धामधुमींत हैदराबाद स्वतंत्र राखण्याच्या ज्या खटपटी झाल्या, त्यांत पोर्तुगिजांकडून गोव्याचें बंदर मिळविण्याचीही एक खटपट होती. ती फसली हें बरेंच झालें. परंतु तिच्या मुळाशीं जी समजूत होती ती कांहीं चुकीची नव्हती. ज्याच्या हातीं बंदर व जहाज नाहीं, त्यास आपल्या मालाचा भाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो.

आपल्या लोकांनीं ही गोष्ट ओळखून केलेला पहिला मोठा प्रयत्न १८९३ चा. दख्खनचा आंखूड धाग्याचा कापूस त्या सुमारास जपानी गिरण्यांस फार सोयीचा वाटूं लागला होता. परंतु मुंबईहून जपानला माल नेणें हें पी. अँड ओ. या बलाढ्य इंग्रज कंपनीच्या व तिच्याशीं संगनमत केलेल्या दोन युरोपियन कंपन्यांच्या मुठींत होतें. आणि टनामागें सतरा-अठरा रुपयांच्या घरांत भाडें द्यावें लागे. जमशेटजी टाटा स्वतः जपानांत गेले, निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशीं त्यांनीं करार केला, आणि ‘ॲनी बॅरो’ व ‘लिंडिसफार्न’ या दोन आगबोटी भाड्यानें घेऊन ‘टाटा लाइन’ सुरू केली. पी. अँड ओ. नें लगोलग भाडें उतरविलें, आणि उतरवीत उतरवीत दीड रुपयापर्यंत आणलें! एवढ्या भाड्यांत कोळशाचा खर्चही निघणें कठीण. पण हेतु कोळशाचा खर्च भागविण्याचा नव्हताच. मुंबईचे व्यापारी स्वस्त भाड्याच्या मोहानें एक एक करून टाटांस सोडून गेले आणि टाटा लाइन अल्पावधींतच बंद पडली. आश्चर्याची गोष्ट ही कीं, तिची जोडीदार जपानी कंपनी बुडाली नाहीं. जपानी गिरणीमालकांनीं आपसांत करार केला होता कीं, दुसऱ्यानें कितीही स्वस्त भाडें सांगितलें तरी आपला कापूस आपल्याच कंपनीच्या बोटीनें आणावयाचा. आणि त्यांचें सरकारही पाठीशीं उभें राहिलें. स्वस्ताई आज किती दिवस टिकणार आहे, हा हिशेब त्यांनीं केला. आमच्या व्यापाऱ्यांनीं केला नाहीं. निप्पॉन युसेन कैशा या नांवाची गांठ वाचकांस पुढें पुन्हां पडणार आहे.

याच १८९३ च्या जुलै महिन्यांत जमशेटजी योकोहामाहून कॅनडाकडे निघाले, ते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नांवाच्या आगबोटीनें. त्याच बोटीवर शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस निघालेले स्वामी विवेकानंद होते. या सहप्रवासाची कथा पुष्कळांस माहीत असते; त्या बोटीचें पुढें काय झालें हें सहसा कोणी सांगत नाहीं. १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनीं ती विकत घेऊन जखमी सैनिकांसाठीं तिचें तरंगतें रुग्णालय केलें आणि तिला ‘लॉयल्टी’, म्हणजे ‘राजनिष्ठा’, असें नांव दिलें. युद्ध संपल्यावर बोट विकावयास निघाली. सोलापूरच्या व्यापारी घराण्यांतील वालचंद हिराचंद यांस ही बातमी आगगाडीच्या प्रवासांत एका सहप्रवाशाकडून कळली असें सांगतात. त्यांनीं नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांस बरोबर घेतलें. २७ मार्च १९१९ रोजीं कंपनीची नोंदणी झाली, आणि अवघ्या नऊ दिवसांनीं, ५ एप्रिल रोजीं, लॉयल्टी मुंबईहून विलायतेस निघाली. ज्यांची बोट घेतली त्यांचें नांव कंपनीस दिलें: ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’. सातारा जिल्ह्यांतील कण्हेरखेडच्या पाटलांचें आडनांव इंग्रजी उच्चारांतून फिरून अशा रीतीनें हिंदी दर्यावर गेलें. स्वतंत्र भारतांत ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून १९६४ पासून पाळला जातो, तो याच सफरीच्या स्मरणार्थ.

सफर गाजली, पण धंदा जमला नाहीं. बोट जुनी, उतारूंसाठीं बांधलेली, कोळसा खाणारी. आणि परतीस माल मिळेना. १९२३ सालीं ती मुंबईसच मोडीत निघाली. दरम्यान कंपनीनें मालवाहू आगबोटी घेऊन रंगूनचा तांदूळ मुंबईस आणण्याचें काम हातीं धरलें, आणि लगेच १८९३ चा खेळ पुन्हां सुरू झाला. समोर या खेपेस लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी होती. रंगून ते मुंबई तांदळाचें भाडें टनामागें अठरा रुपयांवरून सहांवर आलें. याहूनही जालीम हत्यार म्हणजे मागाहून द्यावयाच्या सुटीचें. व्यापाऱ्यानें दिलेल्या भाड्याचा कांहीं अंश कंपनी स्वतःजवळ ठेवून घेई, आणि पुढील ठराविक महिने त्यानें दुसऱ्या कोणाच्या बोटीनें एक पोतेंही पाठविलें नाहीं तरच तो परत करी. व्यापारी आपल्याच पैशाच्या दोरीनें बांधला जाई. नव्या कंपनीचें भाडें कमी असलें तरी जुनी सूट बुडण्याच्या भयानें तो हलत नसे. यापूर्वीं तुतिकोरिनास चिदंबरम् पिल्ले यांनीं १९०६ सालीं काढलेल्या स्वदेशी आगबोट कंपनीस हाच अनुभव आला होता. तेथें तर गोऱ्या कंपनीनें उतारूंस फुकट नेऊन वर छत्र्याही वांटल्या!

सिंदिया कंपनी मेली नाहीं, परंतु १९२३ सालीं तिला तह करावा लागला. दहा वर्षें तिनें हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन यांच्या किनाऱ्यापलीकडे जाऊं नये, आणि आपला ताफा पंचाहत्तर हजार टनांपलीकडे वाढवूं नये, अशी अट पडली. हा तह शहाणपणाचा होता कीं शरणागतीचा, याविषयीं दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. आम्हांस वाटतें कीं, तो केला नसता तर टाटा लाइनशेजारीं आणखी एक थडगें उभें राहिलें असतें, एवढेंच. किनाऱ्याचा व्यापार देशी जहाजांस राखून ठेवावा यासाठीं साराभाई हाजी यांनीं मध्यवर्ती विधिमंडळांत आणलेलें बिल त्या दशकांत बरेंच गाजलें. पण कायदा कांहीं झाला नाहीं. नरोत्तम मोरारजी १९२९ सालीं मोटार-अपघातांत वारले आणि कंपनीचा सारा भार वालचंदांवर आला. १९३७ सालीं तिनें हाजच्या यात्रेकरूंची वाहतूक सुरू केली व ‘एल मदिना’ ही बोट त्या कामीं लाविली. मराठवाड्यांतून मक्केस जाणारे यात्रेकरू मुंबईसच बोटींत चढत, तेव्हां या जिल्ह्यांतील ज्या थोड्या लोकांनीं त्या काळीं दर्या पाहिला त्यांत हे भाविक खचित होते. १९४१ च्या जूनमध्यें विशाखापट्टणच्या जहाज-कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्तें बसली, आणि १४ मार्च १९४८ रोजीं ‘जलउषा’ हें तेथें बांधलेलें पहिलें मोठें जहाज पंडित नेहरूंनीं पाण्यांत सोडलें. किनाऱ्याचा व्यापार देशी जहाजांच्या हातीं आला तो १९५० नंतर लौकरच. वालचंद १९५३ सालीं वारले. तो कारखाना सरकारच्या मालकीचा झाला, सिंदिया कंपनी मात्र खासगीच राहिली.

आतां क्षणभर जहाजावरून मालाकडे वळूं. त्या काळीं माल पाठविणाऱ्यास आपला माल कोठें आहे हें कसें कळे? बार्शीच्या वा जालन्याच्या व्यापाऱ्याच्या हातीं प्रथम रेल्वेची पावती येई. मुंबईच्या अडत्याचें पत्र आल्यावर गाठी धक्क्यावर पोंचल्या हें समजे. आणि बोट भरल्यावर कप्तानाच्या सहीचें भरतियाचें पत्र मिळे. हें पत्र म्हणजेच माल. तें ज्याच्या हातीं तो मालाचा धनी, त्यावरच पेढी पैसे देई. यानंतर बोट नजरेआड झाली कीं अमुक बंदरास पोंचली, तमुक बंदराहून निघाली, एवढें वर्तमानपत्रांतील बोटींच्या रकान्यावरून कळावयाचें, किंवा तारेवरून. गाठीवर मार्का रंगविलेला असे, पण गाठीची बातमी स्वतंत्र अशी नसे. ती बोटीच्या बातमींतच बुडालेली असे. वाटेंत गाठ भिजली, फुटली, हुकानें फाटली, चुकीच्या बंदरांत उतरली, तर तें दोन महिन्यांनीं समजे. एकेक गाठ माणसाच्या पाठीवरून चढे व उतरे, आणि जहाजाचे निम्मे दिवस धक्क्यावर उभें राहण्यांतच जात.

या सर्वांवर ज्यानें उपाय शोधला तो दर्यावर्दी नव्हता. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेंतील मालमोटारींचा धंदेवाला. माल पेटींत एकदांच भरावा आणि मोटारीवरची पेटीच उचलून जहाजावर ठेवावी, एवढीच त्याची कल्पना. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ हें जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालें. सुटा माल चढविण्यास टनामागें जेथें जवळजवळ सहा डॉलर लागत, तेथें आतां सोळा सेंट पुरले. पुढें सर्व जगानें पेटीचें माप एक केलें: रुंदी आठ फूट, लांबी वीस किंवा चाळीस. भारतांत असें पेट्यांचें जहाज प्रथम १९७३ सालीं कोचीन बंदरांत आलें, तें ‘प्रेसिडेंट टायलर’ नांवाचें अमेरिकन जहाज होतें. मुंबईसमोर उरणच्या बाजूस न्हावा-शेवा बंदर सुरू झालें २६ मे १९८९ रोजीं. त्या बंदराखालीं गेलेल्या जमिनीच्या भरपाईसाठीं १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, त्यांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच माणसें मेलीं. बंदरांच्या इतिहासांत ही गोष्ट सहसा तळटिपेंतही येत नाहीं, म्हणून येथें लिहून ठेवितों.

चाळीस फुटांच्या एका पेटींत आजच्या मापाच्या, म्हणजे १७० किलोंच्या, सुमारें दीडशें गाठी मावतात. प्रत्येक पेटीच्या अंगावर चार रोमन अक्षरें आणि सात आंकडे असतात, आणि यांत मोठी खुबी आहे. पहिलीं तीन अक्षरें मालकाचीं. तीं पॅरिस येथील एका संस्थेकडे नोंदवावीं लागतात. ही संस्था १९३३ सालची, म्हणजे खुद्द या पेट्यांहूनही वडील. चौथें अक्षर वस्तूच्या प्रकाराचें, पुढील सहा आंकडे अनुक्रमाचे, आणि सातवा आंकडा हा पहारेकरी. प्रत्येक अक्षरास एक संख्या ठरवून दिलेली आहे. डावीकडून पहिल्या चिन्हास एकानें, दुसऱ्यास दोहोंनीं, तिसऱ्यास चोहोंनीं, असें दुपटीदुपटीनें गुणीत जावयाचें, सर्वांची बेरीज करावयाची आणि तीस अकरांनीं भागावयाचें. जी बाकी उरेल तीच सातव्या जागीं आली पाहिजे. दहा उरले तर शून्य लिहावयाचें. कारकुनानें एक आंकडा चुकीचा लिहिला, किंवा दोन शेजारचे आंकडे उलटसुलट केले, तर ही बाकी सहसा जुळत नाहीं आणि चूक जागच्या जागीं पकडली जाते. शुभंकराच्या गणितांत वाढलेल्या आमच्या आजोबांनीं या युक्तीचें खचित कौतुक केलें असतें.

न्हावा-शेव्यास २०१६ च्या जुलैपासून प्रत्येक पेटीस एक लहानशी बिनतारी चकती लावण्याची योजना सुरू झाली. बंदराचें दार, पथकराचें नाकें, पेट्यांचें कोठार यांवरून पेटी जातांना तेथील यंत्र ती चकती वाचतें आणि वेळेसह नोंद करतें. समुद्रावर तर मोठीं जहाजें आपलें नांव, स्थान व वेग सतत बिनतारी यंत्रानें पुकारीतच असतात. माजलगांवच्या जिनिंगमधला कारकून हातांतल्या फोनवर पेटीचा क्रमांक टाइप करून ती नाक्यावर आहे, बंदरांत आहे, कीं चितगांवकडे निघाली आहे, हें चहा निवण्याच्या आंत सांगूं शकतो. वडिलांच्या काळीं जी बातमी मुंबईच्या बड्या पेढीलाही मिळत नव्हती, ती आज त्याच्या हातीं आहे. ही सोय सामान्य नव्हे. पेढीकडून पैसे केव्हां सुटतील, पुढील खरेदी केव्हां करावी, हें यावरच ठरतें.

पण पाहतां येणें निराळें आणि हलवितां येणें निराळें. हा भेद जगास ज्या प्रकरणानें दाखविला तें त्याच २०१६ सालचें. कोरियाची हानजिन ही त्या वेळची जगांतील सातवी मोठी पेट्यांची जहाज-कंपनी. ३१ ऑगस्ट रोजीं तिनें कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचा अर्ज न्यायालयांत केला. दुसऱ्या दिवसापासून अनेक बंदरांनीं तिचीं जहाजें आंत घेण्याचें नाकारलें. धक्क्याचे पैसे कोण देणार? वाटाड्या, ओढबोटी, हमाल, सर्वांस रोख रक्कम हवी. शिवाय बंदरांत शिरलें कीं धनको जहाज जप्त करतील ही भीति कंपनीस. सुमारें चौदा अब्ज डॉलरांचा माल दर्यावर अडकला. त्यांतील एकही पेटी हरवलेली नव्हती. प्रत्येकीचा क्रमांक बरोबर, बाकी जुळलेली, जहाज नकाशावर ठिपक्याच्या रूपानें समोर; आणि धनी किनाऱ्यावरून तो ठिपका पाहत बसलेला. १७ फेब्रुवारी २०१७ रोजीं न्यायालयानें कंपनीचें दिवाळें जाहीर केलें.

आमच्या सिंदिया कंपनीचा अंत इतका गाजावाजाचा झाला नाहीं. पेट्यांचें युग आलें तेव्हां तिच्या ताफ्यांत बहुतेक जहाजें सुट्या मालाचीं होतीं. तीं बदलावयास भांडवल पाहिजे होतें आणि कर्ज आधींच डोक्यावर होतें. १९८० नंतरच्या दशकांत जगाच्या जहाजधंद्यांत जी मंदी आली तींत ती कायमची खचली, आणि हळूहळू तिचीं जहाजें दर्यावरून नाहींशीं झालीं. बॅलार्ड इस्टेटमधील तिच्या नांवाच्या भव्य इमारतींत पुढें प्राप्तिकर खात्याच्या कचेऱ्या थाटल्या. इंचकेपशीं झुंजून टिकलेली कंपनी स्वराज्यांत टिकली नाहीं, याचा दोष एकट्या सरकारवर किंवा एकट्या चालकांवर टाकणें सोपें आहे. आमच्या मतें तो दोघांसही वांटून द्यावा लागेल, आणि थोडा आम्हां ग्राहकांसही, ज्यांना भाड्याच्या पलीकडचा हिशेब आजही नकोसा वाटतो. भारताच्या परदेशी व्यापारांतील सुमारें चाळीस टक्के माल त्या दशकाच्या अखेरीस भारतीय जहाजांतून जात असे. आज दहा भागांतील एकही भाग जात नाहीं. २०२१ सालीं जगभर रिकाम्या पेट्यांची टंचाई पडून भाडीं कित्येक पट चढलीं, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रांतील हल्ल्यांमुळें जहाजें आफ्रिकेस वळसा घालून जाऊं लागलीं, तेव्हां तीं भाडीं ठरविणाऱ्यांत भारतीय कंपन्यांचा आवाज जवळजवळ नव्हताच.

न्हावा-शेव्याच्या पेट्यांच्या राशींत गडद गुलाबी रंगाच्या पेट्या चटकन नजरेंत भरतात. मराठवाड्याच्या रस्त्यावरून मालमोटारीवर लादलेली अशी एखादी पेटी वाचकांनींही पाहिली असेल. तिच्यावर ‘वन’ अशीं तीन मोठीं रोमन अक्षरें असतात. तीन जपानी कंपन्यांनीं आपला पेट्यांचा धंदा एकत्र करून एप्रिल २०१८ पासून ही कंपनी चालविली आहे, आणि त्या तिघींत थोरली आहे निप्पॉन युसेन कैशा, जिची पहिली दूरच्या पल्ल्याची आगबोट ७ नोव्हेंबर १८९३ रोजीं कोबेहून मुंबईकडे दख्खनचा कापूस आणावयास निघाली होती.